चाळीसच्या वर गाडी माझं ऐकत नाही

८ एप्रिल, मंगळवार
आजपासून लॉग. प्रोफेशनल लोक ठेवतात.
बाबा जाऊन दहा महिने झाले, त्यांची गाडी शेडमध्ये तशीच. १९६९ची विलायती, हिरवी, उघडी, दोनच सीट. बाबा तीस वर्षं मधुकररावांचे ड्रायव्हर. साहेबांनी शेवटी गाडी बाबालेच देऊन टाकली. आता आईचं फर्मान: वीस तारखेच्या रविवारी गाडी सरळ चालली तर ती त्यात बसून कन्हानले मावशीकडे येणार. नाही तर सावनेरचे विश्वनाथराव विकत न्यायले तयारच आहेत.
बारा दिवस. मले तीन पुरतील.

९ एप्रिल, दुपारी २
टेस्ट ड्राइव्ह, काटोल रोड. चाळीसपर्यंत गाडी म्हणजे गाय. चाळीसच्या वर मी स्टिअरिंग सरळ धरतो अन् ती डावीकडे. मग उजवीकडे. मग तिची मर्जी.
बाबाबी शेवटी हेच म्हणत. "हातात दम नाही राहिला रे रोशन." एक दिवस किल्ली खिळ्याले टांगली, ती टांगलीच.
त्रेचाळीस डिग्री. रस्त्यावर कुत्रं नाही. बाजूच्या सीटवर कोणी तरी बसून आहे असं वाटलं. पाहिलं नाही.

१० एप्रिल
सापडलं! चारही चाकांत हवा वेगवेगळी. सारखी केली. केस क्लोज. बहिणीले, भावनाले, फोन करून सांगितलं. ती म्हणे, "चालवून पाह्यली का?"
संध्याकाळी चालवली. तशीच.

११ एप्रिल
गाडीखाली शिरलो. बाबांची पद्धत: नट कसला की त्यावर पिवळ्या पेंटची रेघ. रेघ असली की पुन्हा पाना लावायचा नाही, म्हणजे नाही. रेघ म्हणजे शब्द.
स्टिअरिंगची रॅक, म्हणजे चाकं वळवणारा आडवा दांडा, दोन वर्षांपूर्वी मीच बसवली. चार नट. पेंट संपला होता म्हणून भावनाची गुलाबी नेलपॉलिश. चारही रेघा जागेवर. म्हणजे रॅक ओके. वेळ वाचला.

१४ एप्रिल
जयंती. काम बंद. दिवसभर रॅलीत.

१५ एप्रिल
पाय दुखून राहिले. काम बंद.

१६ एप्रिल
टायरॉडचा एन्ड, म्हणजे रॅक अन् चाक जोडणारा सांधा, आणायले निघालो. रस्त्यात तर्री-पोहे. तिथं एक जण पिशवीत रंगीत मासे घेऊन उभा. दोन घेतले. आई म्हणे, "हे चाकाले लावतं का?" एन्ड उद्या नक्की.

१७ एप्रिल, दुपारी ३
एन्ड नवा टाकला. पुन्हा काटोल रोड. चाळीसच्या वर गेलो अन् हात ढिले सोडले. स्टिअरिंग आपल्या आपण डावीकडे गेलं. हळू. बाबा दारावरची टोपी घ्यायले वळत, तसं. उन्हात अंगावर काटा. त्यांच्या विडीचा वास आला. खरंच आला.
निष्कर्ष: हा मेकॅनिकल विषय नाही. बाबा आहेत. त्यांना गाडी विकायची नाही, किंवा मी चालवायची नाही.
आईले सांगितलं. ती भाजी निवडतच राहिली. "जित्तेपणी त्याईनं तुह्या हातातला पाना घेतला नाही, आता स्टिअरिंग काहून घेतीन?"

१९ एप्रिल
आईनं परस्पर नत्थूकाकाले बोलावलं. बाबांचे जुने दोस्त, कामठी रोडवर गॅरेज. मी बाबांचं सांगितलं. "बरं," म्हणे, अन् खाली शिरले. दोन मिनिटं.
"ह्या गुलाबी रेघा कोनं मारल्या गा?"
मी म्हटलं, बाबांनी.
काकांनी पाना खाली ठेवला अन् बोटानं नट फिरवला. फिरला. चारही. मले स्टिअरिंग हलवायले लावलं. चाकं जागची हलली नाहीत, अख्खी रॅकच ड्रॉवरसारखी सरकली.
"तुहा बाप देवाजी वर्षभर आपल्या हाताले शिव्या देत होता," काका म्हणे. "अन् रेघ पाहून पाना लावला नाही त्यानं. येडा."

रेघा मी आधीच मारल्या होत्या. वाळायले वेळ लागते म्हणून. तेवढ्यात अंकुश आला, रामटेकले चाल म्हणे. आल्यावर कसू असं ठरवलं. तीन दिवसांनी आलो. बाबांनी विचारलं, कसले? मी म्हटलं, हो.

२० एप्रिल, रविवार
काकांनी नट कसले. वरून पिवळी रेघ. आईले काही सांगितलं नाही त्यांनी.
गाडी साठच्या वरबी सरळ. आई बाजूले, मांडीवर बाबांची टोपी. विचारलं, काय बिघडलं होतं? मी म्हटलं, टायरॉड.
कन्हान जवळ आलं तशी आई म्हणे, "म्हणजे त्याईचे हात चांगलेच होते. सांगाले पायजे होतं कोणी."
मी हो म्हटलं.
पुलावर एकदा हात सोडून पाहिले. गाडी सरळ गेली. कोणीच धरलं नाही.