वीस मैलांच्या आत

२ एप्रिल १९७७, शिरूर
आमच्या मॉरिस मोटारीचं इंजिन आज पुन्हा उभं राहिलं. मॉडेल अडतीस सालचं, पण पिस्टन नवे, रिंगा नव्या. आता ते लोणच्यासारखं मुरवायचं. त्याला रनिंग म्हणतात. हौशीराम मिस्त्रीनं बजावलंय, रनिंग पुरं होईस्तवर तासाला वीस मैलाच्या वर न्यायाची न्हाई, आन् इंजिन तापू द्यायचं न्हाई.
संकल्प: एकदाही वीसच्या वर नाही. जन्मभर मास्तरकी केली ती शिस्तीवरच.
हिनं विचारलं, मग ही पळणार कवा? मनातून खूश दिसली.

६ एप्रिल
मागच्या काचेवर रंगवून घेतलं: 'रनिंग चालू. कृपया पुढे जा.' लोक सूचना पाळतात. आज एस.टी., दोन सायकली आणि एक कडब्याची बैलगाडी पुढे गेली. गाडीवान म्हणाला, मला वाचाय येत न्हाई मास्तर, पर ग्येलो आपला म्होरं. जनता सुधारली आहे.

१० एप्रिल
आमच्या संपतसाठी दौंडची मुलगी बघायला ही, संपत आणि मेहुणा भैरू गेले. मला जमलं नाही. पहिलं ऑइल बदलायचं होतं, ते काय दुसऱ्यावर सोपवायचं काम आहे? पसंती झाली, साखरपुडाही तिथंच उरकला. मुलीचं नाव जाई. सून काय, पुढे जन्मभर बघायचीच आहे.

१९ एप्रिल
विचार केला. वीस ही कमाल मर्यादा झाली. शहाण्यानं पंधरा. चढावर दहा.
शिवाय एक नवा नियम, माझा स्वतःचा: मध्येमध्ये थांबून बॉनेटवर तळहात ठेवायचा. गार लागलं तरच पुढे. पहाटे चक्कर मारून नियम तपासला. अचूक. हौशीरामला सांगितला तर तो बराच वेळ हसत होता. कौतुक वाटलं असणार.

१ मे
लग्न आठ तारखेला, दौंडला, गोरज मुहूर्तावर. नवरदेव आपल्याच मोटारीतून जाणार! भैरू म्हणतो, वऱ्हाडाला माझी कांद्याची लॉरी हायच, पोराला बी त्यातच बसवू. नवरदेव कांद्याच्या लॉरीत! मी ऐकूनच घेतलं नाही.
हिची अट, वाटेतल्या प्रत्येक गावी मारुतीला नारळ फोडायचा. लगेच कबूल. तेवढाच इंजिनाला विसावा. संपतनं विचारलं, आण्णा, पोचू ना? हसलो. आजकालच्या पोरांना धीर नाही.

८ मे, सकाळी ७
निघालो. मागे संपत, मुंडावळ्या बांधून, हातात लिंबू टोचलेली सुरी. शेजारी ही. इंजिनाचा आवाज मधुर.

सकाळी ११
दुसरा मारुती. बॉनेट गरम. थांबलो.

दुपारी २
न्हावऱ्याच्या अलीकडे, उघड्या माळावर. ऊन मी म्हणतंय. इंजिन केव्हाच बंद केलंय, तरी पत्रा चटका देतो. दोष आत कुठंतरी खोल असावा. ही म्हणाली, अवो, उनाचा पत्रा त्यो, दिस मावळल्याबिगर कसा गार हुईल? यंत्रातलं कळत नाही, पण बोलायची हौस.
संपत सुरीनं लिंबू उकरत बसलाय.

दुपारी साडेतीन
मागून भैरूची लॉरी आली. भैरूनं खाली उतरून एवढंच विचारलं, दाजी, लगीन पोराचं हाय का मोटारीचं? संपत सुरीसकट लॉरीत चढला. हळद लागलेल्या पोराला एकटं सोडू नये म्हणून हीही गेली. मला ये म्हणाले. अर्धवट रनिंगची गाडी माळावर टाकून जाऊ? पोचतोच मागोमाग, म्हणालो. गाडीवरचा भार कमी झाला, हे बाकी चांगलं झालं.

संध्याकाळी पावणेसात
बॉनेट गार! नियम शेवटपर्यंत पाळला. आनंदानं टाळी वाजवली. मग लक्षात आलं, या घटकेला टाळ्या तिकडे दौंडलाही वाजत असतील.
खिशात अक्षता होत्या. बॉनेटवर टाकल्या. वाईट वाटलं. एकुलता एक पोरगा आहे.

९ मे, दौंड
काल अंधारात समोरून एक लॉरी आली. माणसं ओरडत होती, हात करत होती. मी शिस्तीत डावीकडे थांबून वाट दिली. ती आपलीच होती, नवरानवरी घेऊन शिरूरला निघालेली, हे इथं आल्यावर व्याह्यांनी सांगितलं. मांडव सोडून ठेवला होता. बुंदी मात्र राखून ठेवली होती. व्याही म्हणाले, पावनं, वाईच उशीर झाला. चांगला माणूस आहे.
आज उन्हात निघत नाही. दिवस मावळल्यावर निघेन.

१० मे, शिरूर
सकाळी घरी पोचलो. गाडी गल्लीच्या तोंडाशी सावलीत लावली. रनिंग पुरं. एकदाही वीसच्या वर गेलो नाही. इंजिन घड्याळासारखं चालतंय. हौशीरामला बोलावून दाखवायचं आहे.
कपडे ऑइलनं माखलेले, तोंड धुळीनं. दार उघडं होतं, पण आपल्याच घरात तसं शिरवेना. कडी वाजवली. हिरवा चुडा भरलेली पोरगी बाहेर आली. नाकीडोळी नीटस आहे. पदर सावरून म्हणाली, मामंजी मोटार घिऊन ग्येल्यात, कवा येत्याल त्ये कुनालाच ठाव न्हाई. बसा, पानी देते.
ओट्यावर बसलो. पाणी प्यालो. वाळ्याचं होतं, गार.
रिकामा तांब्या घेताना तिनं विचारलं, तुमी मिस्त्री का?
मी हो म्हणालो.