खड्ड्यापाशी रागावू नये

८ जून, रविवार

कच्चं निघालं! सगळं! बटाटे बाहेरून काळे, आतून खडखडीत. डुकराचं मटण गुलाबी. पानांचा थर उचलला तेव्हा वाफसुद्धा धड आली नाही. आणि समोर बसभर पाहुणे, हातात ताटल्या घेऊन.

मग एकेक मान माझ्याकडे वळली. माझा भाऊ अब्दोन, त्याची बायको सेनायदा, शेजारची फोर्तुनाता — सगळे माझ्याकडे! खड्ड्यात तापल्या दगडांवर पुरून शिजवायची ही पाचामांका कच्ची निघाली की इथे एकच प्रश्न विचारतात — खड्ड्यापाशी कोण रागावलं होतं? पोटात राग घेऊन कुणी जवळ उभं राहिलं तर भुई शिजवत नाही. आईनं मला हेच शिकवलं. मीही मानते, म्हणून तर जास्त लागलं.

भांडत होते, हो! सकाळपासून भांडत होते. सेनायदानं मातीवर रोवायच्या क्रूसाला फुलांऐवजी चमचमत्या फिती बांधल्या. म्हणे फोटोत छान दिसतं! ‘वन्सं, ते जेवायला नाही येत, अनुभव घ्यायला येतात.’ मग अनुभवच खा म्हणावं.

आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘वन्सं, तुम्ही अशा धुसफुसत राहिलात तर भुई तरी काय करणार?’ गाईडनं ते परदेशी पाहुण्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितलं. एका बाईनं माझा फोटो काढला! रागीट बाईचा फोटो. घरी जाऊन दाखवेल.

९ जून

कुणी बोलायला आलं नाही. बरं झालं. आले असते तर मी बोललेच नसते.

११ जून

अब्दोन आला. टोपी हातात, नजर माझ्या चुलीवर. ‘ताई, पुढचे काही रविवार तू वरच राहा, खाली खड्ड्यापाशी नको. लोक बोलतात गं.’

लोक बोलतात! आईचे गुडघे गेले तेव्हापासून रचण्याचं काम माझं. विस्तव आणि दगड अब्दोनचे, रचणं माझं. खाली बटाटे, त्यावर मटण, मग शेंगा, मक्याची पुरचुंडी, पानं, पोती, माती — डोळे बांधले तरी हात चुकणार नाही. मला नवरा नाही, मूल नाही. खड्ड्याजवळची ती जागा तेवढी माझी होती. तीही लिमाहून आलेल्या बाईला देऊन टाकली. जिला चार वर्षांपूर्वी खायचा बटाटा आणि बियाण्याचा बटाटा यातला फरक कळत नव्हता!

‘रचणार कोण?’ विचारलं. म्हणाला, ‘सेनायदा शिकेल.’

दार लावून घेतलं.

१५ जून, रविवार

वरच्या शेतात बसले, खुरपं घेऊन. खुरपलं काहीच नाही. खालचा धूर बघत होते. धूर थांबला, म्हणजे खड्डा झाकला. मनात एकच — कच्चं निघू दे. देवा, कच्चं निघू दे.

संध्याकाळी फोर्तुनाता ताटली घेऊन आली. खास दाखवायला! ‘बघ एर्मेलिंदा, कसं लोण्यासारखं शिजलंय.’ मी म्हटलं ठेव आणि जा. गेल्यावर खाल्लं. चांगलं होतं. बटाट्याचं पीठ झालं होतं नुसतं. रडत खाल्लं.

१८ जून

बाजारात सेनायदा भेटली. नवी टोपी. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, ‘वन्सं, बघा, तुम्ही नव्हता तर कसं शांततेत झालं.’

म्हटलं, ‘शांततेत तर स्मशानातही होतं.’

‘बघा! परत सुरू!’ — आणि हसत निघून गेली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. घरी येऊन भांडी आपटली. कुत्रं बाहेर पळालं.

२२ जून, रविवार

आजही शिजलं. मेलं.

आता सगळ्यांना पटलंय. मलाही पटत चाललंय. माझ्याच पोटात काहीतरी कडू आहे, जे भुईला चालत नाही.

२८ जून

उद्या वांकायो शहरातून प्रवास कंपनीचा माणूस येणार आहे. आवडलं तर सगळा हंगाम बस इथेच. नाही आवडलं तर नदीपलीकडच्या गावात. सेनायदानं आईचा वरवंटा मागायला निरोप पाठवला. मसाल्याचा पाला वाटायला! माझा वरवंटा हवा, मी नको!

नाही दिला.

२९ जून, रविवार

आल्या आल्या लिहायला बसले.

सकाळी फोर्तुनाता सांगून गेली — पाला मिक्सरमध्ये वाटला. मिक्सरमध्ये! आईच्या खड्ड्यात मिक्सरचं वाटण! टोपी घातली आणि खाली उतरले. कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीतच नव्हते.

खड्डा झाकून झाला होता. मातीवर क्रूस, त्याला फिती. पाहुणे बाकांवर चिचा, आमची मक्याची आंबट दारू, घेऊन बसलेले. एकजण नाक धरून पीत होता. मला बघून सेनायदा दोन्ही हात पसरून धावली. ‘वन्सं, लांब! लांब राहा! आज तरी नको!’

‘का? मिक्सर भुईला चालतो, मी चालत नाही?’

‘वरवंटा दिला होतात का?’

‘आईचा आहे तो! तुझ्या आईनं आंदण दिला नव्हता!’

‘माझ्या आईनं मला गोड बोलायला शिकवलं, तेवढं पुरे!’

तिथेच, खड्ड्याच्या काठावर. शिजेपर्यंत भांडलो. पहिल्या दिवसापासूनचं सगळं काढलं. लग्नात मी तिच्या आईला मागे बसवलं, ते तिनं काढलं. आई आजारी असताना ती लिमाला गेली, ते मी काढलं. ती रडली, मीही रडले, पुन्हा भांडलो. अब्दोन मध्ये पडायला आला तर दोघी एकदमच ओरडलो — ‘तू गप्प बस!’ कंपनीचा माणूस घड्याळ बघत होता. फोर्तुनाता दुरून क्रूसाची खूण करत होती. सगळ्यांना माहीत होतं आता काय निघणार.

माती काढली. पोती काढली. वाफ अशी आली की पुढचे मागे सरले. मटण हाडावरून आपोआप सुटत होतं. शेंगा, पुरचुंड्या, बटाटे — एकूण एक शिजलेलं. असं माझ्या हातूनही क्वचित निघालंय. (वाटण मिक्सरचं, तरी चांगलं लागलं. हे फक्त इथेच लिहिते.)

कंपनीच्या माणसानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सेनायदा माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

३० जून

दिवसभर एकच विचार. एवढा राग भुईनं शिजवला, तर त्या दिवशीचा थोडासा का नाही शिजवला?

संध्याकाळी अब्दोन आला. बस इथेच येणार, म्हणून खुशीत, चिचा पिऊन. मी सरळ विचारलं. आधी हसला. मग म्हणाला, ‘ताई, त्या दिवशी पाहुणे लवकर आले. दगड नीट तापलेच नव्हते. मी तसेच खड्ड्यात ढकलले.’

‘तुम्ही दोघी भांडत होतात म्हणून तुझं लक्ष गेलं नाही,’ म्हणाला.

‘आणि मला वर पाठवलंस?’

‘तू काय गं, तू रागावतेसच. लोकांना लगेच पटलं.’

लोकांना पटलं! मला स्वतःला पटलं होतं रे! पोटात कडू आहे म्हणून मी तीन आठवडे खड्ड्याकडे पाठ करून झोपले. तो ताटातला बटाटा सोलून खात बसला.

१ जुलै

सकाळी उतरून सेनायदाला सांगितलं. ती हळू म्हणाली, ‘मला तर शपथेवर सांगत होता, तुमच्यामुळेच झालं.’ टोपी शोधली, डोक्यावर चढवली.

‘कुठे आहे तो?’ मी विचारलं.

‘शेतावर. चला वन्सं.’