आवरलेलं घर

५ फेब्रुवारी २००७, सोमवार

चाळीस मिनिटं फोनवर संगीत ऐकलं. मग खेमेंतेतली, म्हणजे नगरपालिकेतली, बाई लाइनवर आली. म्हणे जानेवारीपासून नवा कायदा, घरकामाची मदत आता नगरपालिका देणार, तेव्हा अर्ज पुन्हा करा. मागचा कुठे गेला? तिला माहीत नाही. फार गोड बोलत होती. गोड बोलणाऱ्यांचा मला वीट आलाय.

अंबरीशला स्ट्रोक येऊन सात महिने झाले. डावी बाजू गेली. सकाळी अंघोळ घालायला नर्स येते, ते खातं वेगळं. बाकी सगळं माझ्यावर — पहाटे ओली चादर, स्वयंपाक, फरशी, संडास, आणि मग धावत रॉटरडॅमचं ऑफिस. उशीर रोजचाच. मॅनेजरने परवा केबिनमध्ये बोलावलं. मेपर्यंत बघू, म्हणाला. नवऱ्याची नोकरी गेलीच आहे. माझी गेली तर हे घरही जाईल.

आठवड्याला चार तास कोणी आलं तरी मी तग धरेन. तेवढंच मागतेय.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या तपासणीला बाई येणार. ऑफिसमधून आल्या आल्या खिडक्या पुसल्या, संडास घासला. धुवायच्या चादरींचा ढीग गाडीच्या डिकीत टाकला. सलोनीने डचमध्ये विचारलं, मदत मागायचीय तर घर चकचकीत कशाला? लेक चौदा वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं, बोलायचं मात्र डच. मी म्हटलं, परकं माणूस घरी येणार, त्याला काय घाण दाखवायची? खांदे उडवून वर गेली.

१४ फेब्रुवारी, बुधवार

तपासणीच्या बाई, मेफ्राउ होक्स्ट्रा. उंच, टापटीप, हातात फाइल. अंबरीशची दाढी करून त्याला निळा शर्ट चढवला होता. तो आता खाली हॉलमध्येच झोपतो. त्या खाटेवर चांगलं बेडकव्हर घातलं, लोड मांडले, दिवाण वाटावा म्हणून. पोहे केले, वर ओलं खोबरं. बाईंनी दोनदा घेतले. "किती छान ठेवलंय हो घर तुम्ही!" आणि मी चक्क लाजले.

मी चहा टाकत होते तेव्हा तिने त्याला विचारलं, काय काय जमतं? हा म्हणतो, "आय मॅनेज." जिना? "स्लो, बट आय मॅनेज." जिना! महिनाभर त्याने पायरीवर पाऊल ठेवलेलं नाही.

ती गेल्यावर मी भडकले. मॅनेज काय, मॅनेज? तो म्हणाला, "पहिल्या भेटीत त्या बाईला काय सांगू मृदुला? अंथरूण ओलं करतो म्हणून?"

मी कपबशा उचलल्या. पोहे मीच केले होते ना.

२ मार्च, शुक्रवार

नामंजूर.

सोबत अहवाल. घर अत्यंत स्वच्छ. अर्जदाराचा पोशाख नीटनेटका. पत्नी निरोगी, उत्साही, पाहुण्यांसाठी गरम नाश्ता करते. चौदा वर्षांच्या मुलीला भांडी घासता येतील. घरात धडधाकट माणूस असेल तर घरकाम त्यानेच करायचं, असा नियम आहे. अपवाद एकच — ते धडधाकट माणूस भारानं कोलमडलं असेल तर. मी कोलमडलेली दिसले नाही.

माझ्या पोह्यांची सरकारी कागदावर नोंद! शी.

३ मार्च, शनिवार

नकाराविरुद्ध अर्ज कसा करायचा, ते पत्रात शोधत बसले.

६ मार्च, मंगळवार

पुण्याहून नंदाताईंचा फोन. अंबरीशची थोरली बहीण. "तिकडे बरं आहे बाई, सगळं सरकार करतं." मी हो म्हटलं. "आणि तू आहेसच की खंबीर." हो म्हटलं. फोन ठेवला आणि पातेलं सिंकमध्ये आपटलं. खंबीर! ह्या शब्दाइतका घाणेरडा शब्द नाही. एकदा चिकटवला की कोणाला मदतीला यायला नको.

नकाराविरुद्ध अर्ज टाकला. पुन्हा घरी येऊन बघतील.

१४ मार्च, बुधवार

आज लिहिणारच आहे. मला किळस येते. वासाची येते, त्याच्या लोंबत्या हाताची येते, जेवताना ओठाच्या कोपऱ्यातून वरण ओघळतं त्याची येते. मी तोंड फिरवते आणि तो ते बघतो. मग तो जेवत नाही. मग मला माझी किळस येते. सतरा वर्षांचा संसार, त्यात ह्या माणसाने कधी आवाज चढवला नाही माझ्यावर.

चादरी दोन धुतल्या आज.

२ एप्रिल, सोमवार

परवा होक्स्ट्राबाई पुन्हा येणार. ह्यावेळी ठरवलंय. झाडायचं नाही, पुसायचं नाही. रविवारपासून भांडी तशीच आहेत. चादरी दाराशी. त्याची दाढी करायची नाही. त्यालाही बजावलंय, मॅनेज हा शब्द तोंडातून काढायचा नाही. "माझं प्रदर्शन मांडतेयस," म्हणाला. हो, मांडतेय.

सलोनी नाकाला रुमाल लावून जेवली.

४ एप्रिल, बुधवार

आवरलं. पहाटे पाचला उठले आणि सगळं आवरलं. हात थांबेनात. भांडी, फरशी, चादरी, शेवटी त्याची दाढीसुद्धा. तो मान वर करून बसला. माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही.

होक्स्ट्राबाईंनी हॉलभर नजर फिरवली, वहीत दोन ओळी लिहिल्या. मी सांगायला लागले की मला जमत नाही, तर ते वाक्य धड डचमध्ये येईना की इंग्रजीत. "तुम्ही फार छान सांभाळता," म्हणाली. मग अंबरीश म्हणाला, मला ह्यांच्याशी एकट्याने बोलायचंय. मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. पंधरा मिनिटं. पुन्हा मॅनेजच म्हणाला असेल.

२४ एप्रिल, मंगळवार

मंजूर! आठवड्याला चार तास, मेच्या सात तारखेपासून. पत्र तीनदा वाचलं. मग अहवाल वाचला.

"पत्नी भारानं कोलमडलेली आहे. गेल्या दोन महिन्यांत तिने अर्जदाराला दोनदा मारल्याचे अर्जदार सांगतो. अर्जदाराची तक्रार नाही."

मी त्याला बोटसुद्धा लावलेलं नाही. तोंड फिरवलं, चिडले, ताट आपटलं. मारलं नाही, कधीच नाही.

कागद त्याच्यापुढे धरला. "हे काय आहे?"

"घर परत आवरलंस तू," म्हणाला. "मग मी काय दाखवणार होतो?"

"खरं सांगायचंस. अंथरुणाचं."

"सांगितलं. डायपरचं माहितीपत्रक दिलं तिने." थांबून थांबून बोलत होता. "वही मिटत होती ती. तू मारतेस म्हटल्यावर परत उघडली."

मी खाली बसले. त्याने चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला. मला तो हात झटकावासा वाटला आणि मी तशीच बसून राहिले.

२७ एप्रिल, शुक्रवार

आणखी एक पत्र. घरगुती हिंसाचाराच्या केंद्रातून, माझ्या नावाने. गुरुवारी दहा वाजता चर्चेला यावे. खोटं आहे म्हटलं तर चार तास जातील, आणि अंबरीश खोटारडा ठरेल.

ऑफिसात गुरुवारची अर्धी रजा मागितली. जाणार आहे. हो, मारलं, म्हणणार आहे. दोनदा.