हाराचा दोरा

शनिवार, संध्याकाळ

मोरजीच्या बंगल्याचा थ्रीडी व्हिडिओ सोमवारी द्यायचाय. मी ज्यांच्याकडे काम करते त्या इंजिनिअरने माझ्या एकटीवर सोपवलेलं पहिलंच काम, आणि दसऱ्यापासून कॉम्प्युटर नुसता रखडतोय. ग्राफिक्स कार्ड नव्वद अंशांवर तापतं आणि मंदावतं. नवंकोरं कार्ड! ड्रायव्हर काढून परत घातला, सेटिंग उतरवली, तरी नव्वदच. दुपारी ते विकणाऱ्या म्हापशाच्या दुकानदाराला फोनवर चक्क चोर म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "उद्या दुसरं घेऊन येतो, ताई."

मघाशी सासरे चहा ठेवायला आले. उकाड्यामुळे कॅबिनेटचं झाकण मी उघडंच ठेवते. त्यात वाकून म्हणाले, "गो, हो एक पंखो फिरना मगे!"

टॉर्च मारला. खरंच फिरत नव्हता. कार्डाच्या त्या पंख्यात दोरा गुंडाळलेला, झेंडूच्या हाराचा. दसऱ्याला पूजा करून कॉम्प्युटरला हार मीच घातला होता, आणि दुसऱ्या दिवशी घाईत ओढून काढला होता.

चिमट्याने दोरा सोडवला. आता सत्तर अंश. व्हिडिओ होईल.

पण तो दुकानदार रविवारची सुट्टी मोडून इथे पेडण्याला येणार. काय सांगू? तुमच्या कार्डाची पूजा केली, म्हणून ते अडलं? फोन कधीचा हातात आहे. तो उचलेल आणि तेवढ्याच शांतपणे "बोला ताई" म्हणेल, त्याचीच भीती वाटते.