वस्तऱ्याच्या आवाजाखाली

प्रिय ताई,

पत्राची सुरुवात हवेपासून करावी असं आई शिकवायची, म्हणून आधी तेच सांगतो. मिकुनीत वारा फिरलाय. समुद्रावरून येतो आणि आपल्या चटयांच्या दुकानाचं बंद शटर दिवसभर वाजवत राहतो. खेकड्यांच्या बोटी अजून निघालेल्या नाहीत, पण धक्क्यावर दोरखंड आणि जाळी बाहेर काढून ठेवली आहेत. प्रत्येक अवघड कांजी अक्षर शब्दकोशात पाहून लिहितोय, त्यामुळे दोन दिवस झाले तरी मी अजून पहिल्याच पानावर आहे. फोनवर माझी जीभ कशी अडकते ते तुला ठाऊकच आहे.

वाईट बातमी आधी सांगतो, नाहीतर तू ती शोधत पत्र भराभर चाळशील. बाबांच्या घशात गाठ निघाली आणि फेब्रुवारीत त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं. त्यांना आता आवाज नाही. मानेत खाली एक छिद्र आहे, त्यातून श्वास घेतात, आणि बोलायचं असेल तेव्हा पाटीवर लिहितात. तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. ऑपरेशननंतर सगळं निभावलं असतं तर मीही कळवलं नसतं. पण उन्हाळ्यात फुप्फुसात डाग दिसले. नव्या वर्षापर्यंत काय, असं मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, नव्या वर्षाचं मला विचारू नका. तू जाऊन सात वर्षं झाली आणि या सात वर्षांत तुम्ही दोघं एक शब्द बोललेले नाहीत. ते तसंच राहून जाईल याची मला भीती वाटते. ती भीती सरळ कशी लिहायची ते मला जमत नाही, म्हणून मला जे नीट येतं त्याबद्दल लिहितो. आपल्या न्हाव्याच्या सिनेमाबद्दल.

हसू नकोस. शाळा सुटल्यापासून मी एवढं एकच काम मन लावून केलंय. आईने बंद पडणाऱ्या व्हिडिओच्या दुकानातून आणलेली ती टेप, तिच्यावर अजून त्या दुकानाचा जांभळा शिक्का आहे. तिच्यात चित्राच्या दोन्ही कडा कापलेल्या आहेत आणि रात्रीचे प्रसंग शाईत बुडवल्यासारखे दिसतात. आवाजात सुरुवातीपासून शेवटपर्यंत खरखर. पुढे डीव्हीडी आली ती मी घेतली. तिच्यात सगळं इतकं उजळून टाकलंय की मुलीच्या किमोनोवरची नक्षी दिसेनाशी झाली आणि न्हाव्याच्या भिंतीवरचा आरसा पांढऱ्या कागदासारखा झालाय. खरखर मात्र पुसून टाकलेली. इतकी पुसलेली की पावलांचा आवाजही कापसावर पडल्यासारखा येतो. यंदा कळलं की कुठल्याशा गोदामात मूळ चित्राच्या फिल्मबरोबर ध्वनीची एक जुनी, न वापरलेली रीळ सापडली आणि तिच्यावरून नवी ब्लू-रे काढली आहे. फुकुईला कुरामोचीसानच्या दुकानात मागवली. डिस्क हातात देताना ते म्हणाले, "अरे ताकुमा, तोच सिनेमा तिसऱ्यांदा? या वेळी न्हावी काय उलटे केस कापणार आहे?" मी म्हटलं, कापले तर येऊन सांगतो.

शेवटचा प्रसंग तुला पाठ आहे, तरी लिहितो, कारण पुढचं त्याच्यावरच आहे. लग्न करून लांब निघालेली मुलगी गाठोडं घेऊन दुकानाच्या दारात उभी राहते आणि रोज शाळेला जाताना म्हणायची तसंच म्हणते, "जाऊन येते." विधुर न्हावी तिच्याकडे पाठ करून चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासत असतो. घासतच राहतो. मुलगी वाकून नमस्कार करते, दार सरकवते, निघून जाते. मग नुसती रिकामी खुर्ची. आपल्याकडे दारातून निघणाऱ्याला "जाऊन ये" म्हटल्याशिवाय कोणी राहतं का? कचरा टाकायला निघालेल्यालाही म्हणतात. आणि तो न्हावी एकुलत्या एका मुलीला म्हणत नाही.

त्यावरून आई-बाबांचं दर वेळी जुंपायचं ते आठवतंय ना? आई म्हणायची, तो बोलतो, मी लहानपणी आजीबरोबर थिएटरात पाहिलाय, मी ऐकलंय. बाबा म्हणायचे, "थिएटरात तू सुके माकूळ चघळत होतीस. तुला स्वतःचे दात ऐकू आले असतील." आई उशी फेकून मारायची. मग बाबा गंभीर होऊन आपल्याला समजावायचे की तो बोलत नाही हेच तर मोठं आहे. बाप बोलला की मुलगी रडणार, तिचं पाऊल अडखळणार. बापाने गिळून टाकायचं असतं. तातामीच्या चटया शिवणारा माणूस, दुसरा कुठला सिनेमा त्यांनी धड पाहिला नव्हता. बाप कसं व्हायचं ते त्यांनी त्या टेपवरून घेतलं असावं, असं मला आता वाटतं.

आई गेल्यानंतरच्या वसंतात तू लांब उत्तरेला असाहिकावाला, लग्न करून हायाकावासान आणि त्यांच्या मुलीकडे निघालीस. घटस्फोट झालेला माणूस, पदरात मूल, एवढ्यावरूनच महिनाभर घरात धुमसत होतं. त्या सकाळी तू दारात बूट घालत होतीस आणि बाबा पाठ करून चटया कापायची सुरी धारेच्या ओल्या दगडावर घासत बसले होते. मी जिन्यावर होतो. तू "जाऊन येते" म्हणालीस. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. दगडाचा आवाज थांबला नाही. तू दार लावलंस तेव्हा तुझा चेहरा मला दिसला, बाबांना दिसला नाही. त्यांना तुझी लाज वाटते, तू त्यांच्या लेखी मेलीस, असं तू तेव्हा धरून चाललीस. मावशीजवळ तू तसं म्हणालीस हे मला माहीत आहे.

आता नव्या डिस्कचं. मागच्या महिन्यात एका दुपारी लावली. बाबा खुर्चीत, गुडघ्यांवर पांघरूण. मी त्यांना कडा दाखवत होतो, किमोनोवरची नक्षी दाखवत होतो, आणि ते पाटीवर लिहीत होते, "तोंड बंद ठेव, बघू दे." शेवटचा प्रसंग आला. मुलगी म्हणाली, "जाऊन येते." वस्तरा पट्ट्यावर फिरत होता. आणि त्या घासण्याच्या आवाजाखाली, अगदी घोगऱ्या, अगदी हळू आवाजात न्हावी म्हणाला, "जाऊन ये." पूर्वी कडेला कापला गेलेला आरसा आता पूर्ण दिसतो, आणि त्यात त्याचे ओठ हललेले दिसतात. टेपच्या खरखरीने तो शब्द झाकला होता. डीव्हीडीवाल्यांनी खरखर पुसली तेव्हा तिच्याबरोबर तो शब्दही पुसला गेला. आई बरोबर होती.

बाबांनी माझ्या हातातून रिमोट ओढून घेतला. मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग कपाटाकडे बोट केलं. मी टेप काढून लावली. काही नाही. डीव्हीडी लावली. काही नाही. परत नवी लावली, "जाऊन ये." ते कितीतरी वेळ टीव्हीकडे नाही, स्वतःच्या हातांकडे पाहत होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, त्या दिवशी दगडाच्या आवाजाखाली तुम्ही काही म्हणाला होतात का. खोटं सांगायला ती चांगली वेळ होती, आणि मीही ते तुला आनंदाने कळवलं असतं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग पाटी घेतली आणि लिहिलं, "मला वाटलं, असंच करायचं असतं." लिहून झाल्यावर लगेच पुसून टाकलं.

हनुवटीखाली धरायचं एक यंत्र इस्पितळातून मिळालं होतं. ओठ हलवले की त्यातून शब्द घरघरत निघतात. बाबांनी ते एकदा लावून पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, "मी काय दाढीचं मशीन आहे?" तेव्हापासून ते खोक्यातच होतं. त्या दुपारनंतर त्यांनी ते स्वतः बाहेर काढलं. दुकानात जाऊन मागून दार ओढून घ्यायचे. बाहेर मला नुसती घरघर ऐकू यायची, भुंगा बाटलीत अडकल्यासारखी. पहिले काही दिवस तिच्यात काहीच समजत नव्हतं. मग हळूहळू समजायला लागलं. ते एवढंच म्हणत होते, पुन्हा पुन्हा, "जाऊन ये." चहा द्यायला मी आत गेलो की यंत्र मांडीखाली लपवायचे.

ताई, मागच्या रविवारी दुपारी तुला दोन फोन आले असतील. नंबर दिसला नसेल, कारण आपल्या घरचा नंबर पाहून तू उचलणार नाहीस असं वाटून त्यांनी तो मुद्दाम लपवला होता. पहिल्यांदा तू घरघर ऐकून ठेवून दिलास. दुसऱ्यांदा म्हणालीस, "लाज नाही वाटत? पुन्हा केलात तर पोलिसांना सांगेन." मी शेजारी बसलो होतो, मला ऐकू आलं. तुझी काही चूक नाही. असा आवाज ऐकून मीही तेच केलं असतं. पण त्यांनी यंत्र खोक्यात घालून खोकं फडताळात सगळ्यात वर ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, "तिचा आवाज ऐकला. पुरे." तेव्हापासून जेवण अर्धंही जात नाही. हे पत्र मी त्यांना न सांगता लिहितोय, एवढ्यासाठीच लिहितोय. येत्या रविवारी दुपारी मी खोकं खाली काढीन, त्यांना फोनपाशी बसवीन आणि नंबर स्वतः लावीन, न लपवता. कसं बसवायचं ते मला अजून कळलेलं नाही, पण बसवीन. तू उचल. तुला काही बोलायची गरज नाही. आधी घरघर येईल. लाइन बिघडलेली नाही. कान लावून थांब, ठेवू नकोस.

तुझाच,
ताकुमा