कंपनीतले कोण कोण

मंगळ. ३ जाने. १९५६
वसंताला कंपनीत लागून महिना झाला. माळावर धुराडं उठलं तेव्हापासून गावभर हा एकच शब्द. शाळेत पोरांना वर्षानुवर्षं शिकवतोय की कंपनी तराजू घेऊन आली आणि तख्तावर बसली. आता माझाच मुलगा भोंगा झाला की पळतो. यात कुठंतरी पाणी मुरतंय.

शुक्र. ६ जाने.
संशय खरा. वसंताच्या जेवणाच्या फडक्यात तांदळाच्या भाकरीचा तुकडा. आमच्याकडे सदा बाजरी. विचारलं, कुणाची?
"कंपनीत सगळे मिळूनच खातो, आबा."
सगळे म्हणजे कोण कोण? चिरंजीव हात धुवायला गेले ते तिकडेच. सौ. म्हणते, पोराच्या मागं लागू नका.

सोम. ९ जाने.
चिंचवडला हायस्कुलातल्या इंग्रजीच्या मास्तरांना गाठलं. म्हटलं, या शब्दाचं मूळ सांगा. लॅटिन म्हणे. 'कॉम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे पाव. एका भाकरीतले ते कंपनी. आधी सोबत्यांना म्हणत, मग फौजेच्या तुकडीला, मग व्यापाऱ्यांच्या मंडळाला. मास्तर खुशीत. मला पटेना. भाकरी वाटून खाणारे राज्यं गिळतात होय? पण येताना वाटभर डोक्यात तो तांदळाचा तुकडाच.

शुक्र. १३ जाने. भोगी
आज वसंतानं तीळ लावलेल्या भाकऱ्या जास्त मागून नेल्या. दुपारी कंपनीच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. लाज वाटली, तरी राहिलो. बाभळीखाली पाच जण, फडकी एकाला एक लावून पसरलेली. एक कोकणातला असावा, एक सिंधी कॅम्पातला, एक कोण कळेना. आणि सखाराम! आपल्याच गावचा, वेशीबाहेरच्या वस्तीतला. माझ्या शाळेत ओट्यावर बसून शिकला. त्यानं दिलेली भाकरी वसंतानं मोडली नि खाल्ली.
सौ.ला बोललो नाही. बोललो तर ती पोराचं ताट वेगळं करील. मग पोर या घरात राहायचं नाही, ओळखतो मी त्याला. भीती वाटते.

शनि. १४ जाने. संक्रांत
तिळगूळ घेताना वसंता म्हणाला, "उद्या सुट्टी. कंपनीतले चौघं जेवायला बोलावलेत."
सौ. म्हणाली, "करीच्या दिवशी पाव्हणं? बरं, येऊ देत. कोण कोण हायेत?"
"आबांना विचार. त्यांनी पाहिलंय सगळ्यांना."
म्हणजे मी दिसलो होतो. सांगावंच लागलं. सखारामाचं नावही.

रवि. १५ जाने.
सौ. सकाळपासून भाकऱ्या थापतेय. रागावलीय का, कळत नाही. आत्ता दारात येऊन विचारलं, "सहा पानं आतच मांडू, का पाच आत आन् त्या सखारामाचं ओट्यावर?"
वसंता अंगणात पाट पुसत होता. हात थांबला त्याचा.
म्हटलं, एवढं लिहून होऊ दे, सांगतो.
लिहितोय. सौ. अजून दारातच. वाटेवर बोलणं ऐकू येतंय, आले वाटतं.