कॉम्प्युटरातल्या घरात फ्यूज उडत नाही

चि. सौ. धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. खोकला कसा आहे? काढा घेतेस की अजून कुंडीलाच पाजतेस? माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकतंय कोण. पत्र नात लिहिते आहे. मी सांगते त्यातलं निम्मं ती गाळते असा मला संशय आहे. (काही गाळत नाही. – नात) बघ, हेही लिहिलं.

तर, या पोरीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आमच्या फ्यूजपाशी अडकलंय. प्रोजेक्ट म्हणून तिने अख्ख्या घराची वीज कॉम्प्युटरात उतरवली. वायर म्हणजे रेघ, पंखा म्हणजे चौकोन, तुझ्या भाच्याची इस्त्री म्हणजे जरा थोराड चौकोन. मग त्यात गणिताची वीज सोडायची आणि कुठे किती वाहते ते बघायचं. याला सिम्युलेशन म्हणतात. आपण लहानपणी वाळूचा स्वयंपाक करायचो, तसंच. फक्त याला मार्क मिळतात.

पंचाईत अशी, की कॉम्प्युटरातल्या घरात इस्त्री, वॉशिंग मशीन, पंखे सगळं एकदम लावलं तरी फ्यूज उडत नाही. आमच्याकडे रोज दिवेलागणीला उडतो. मी म्हटलं, मग तिकडेच राहायला जाऊ. कुणी हसलं नाही. तुझा भाचा वायरमनवर चिडतो, वायरमन मशीनवर, आणि सूनबाई त्या दोघांवर. पोरीचे सर म्हणाले, "एक तर तुझं गणित चुकलंय, नाही तर तुझं घर. सोमवारपर्यंत ठरव, नाही तर पुढच्या वर्षी भेटू." पोरगी दोन घास खाऊन उठते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, बाळ, विजेचा काय भरवसा. (यानंतर आजीने खाटेवरची चादर जमिनीपर्यंत ओढली. – नात) नसतं ते लिहू नकोस.

बाकी सर्व क्षेम.

तुझी थोरली

ता. क. पोरगी कॉलेजात गेली. पुढचं खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई लिहितात. तुला वाचून दाखवणाऱ्याने इथून आवाज हळू करावा. तू गुपचूप पाठवलेला गुडघे शेकायचा हीटर माझ्या खाटेखाली आहे. मागे गोधडी जराशी करपली, तेव्हापासून तुझ्या भाच्याने हीटरला बंदी घातली. म्हणून सगळे कामात असताना, दिवेलागणीला लावते. फ्यूज उडाला की टॉर्च यायच्या आत पायाने आत सारते. पण पोरीचं वर्ष जायला नको. तू भाच्याला फोन कर आणि सांग, हीटर मीच पाठवला, ताई तर नको नको म्हणत होती. तू लांब आहेस, तुला तो काय ओरडणार.

आणखी ता. क. हेही शिंपीणबाईच लिहितात. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. फोन करू नकोस. पोरीने बोर्डाला मीटर लावून गणित उलटं सोडवलं. आता चित्रात मागच्या खोलीत, बरोब्बर माझ्या खाटेच्या जागी, नवा चौकोन आहे. मला कुठलं वाचता येतंय, म्हणून विचारलं, यात काय लिहिलंय गं? म्हणाली, "अज्ञात भार. म्हणजे वीज ओढणारं, पण कुणी न सांगितलेलं काहीतरी." बोलताना बघत होती खाटेखाली. सरांनी विचारलं, हा कसला भार? म्हणाली, "घरातलाच आहे. जुना आहे. काढता येणार नाही." पास झाली. बापाकडून मागच्या खोलीला वेगळी जाड वायरही ओढून घेतली. मी सांगितलं असतं तर छप्पन्न प्रश्न विचारले असते. कॉम्प्युटर म्हणतोय म्हटल्यावर मुकाट्याने शिडीवर चढला.

ही वायर दोन हीटर सहज पेलेल म्हणते पोरगी. गुडघेही दोनच आहेत. दुसरा पाठवून दे.